मला निराधार कोणी लिहिलं?

(चिंचपोकळी इथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘आपत्ती आणि प्रसारमाध्यमं’ असा विषय लिहिला आहे. मला विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी पत्रकार नाही. एमएसडब्ल्यू झाल्यापासून तेरा-चौदा वर्षं याच भागात, लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींमधून काम करते आहे. मग वाटलं, पत्रकारांच्या नीतिमत्तेवर पत्रकार बोलतात, कधी न्यायाधीश बोलतात. ज्यांचे फोटो निघतात त्या बाया बोलत नाहीत. आणि त्या बायांना फोटोसाठी रांगेत उभ्या करणाऱ्या ज्या आपण, त्या तर तोंडच उघडत नाही. म्हणून आज उभी राहिले आहे. यात माझीही एक चूक सांगायची आहे, पण ती जरा नंतर.

आधी आपल्याच दारातलं घेऊ. चिंचपोकळीहून लोकलने दोन स्टेशनं पुढे परळ. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर सकाळी साडेदहाच्या सुमारास चेंगराचेंगरी झाली. जोराचा पाऊस आला म्हणून उतरलेली माणसं पुलावरच थांबली, आणि मागून गाड्या तर येतच होत्या. २३ माणसं गेली. आपल्यातल्या कितीजणी तो पूल रोज चढायच्या! माझी मावसबहीण नवरात्राच्या उपासाचं काहीबाही करण्यात अर्धा तास उशिरा निघाली, म्हणून वाचली. त्या स्टेशनाचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं, पण आमच्या घरात अजून ‘तो एल्फिन्स्टनचा पूल’ असंच म्हणतात.

मृतदेह केईएममध्ये नेले. तिथे कपाळावर मार्करने आकडे लिहिले गेले आणि चेहऱ्यांचे फोटो फलकावर लावले गेले. त्यावरून मोठा गदारोळ झाला. रुग्णालयाचं म्हणणं असं होतं, की गोंधळ होऊ नये आणि नातेवाइकांना ओळख पटवणं सोपं जावं, म्हणून हे केलं. मला ते म्हणणं उडवून लावता येत नाही. मी बायांबरोबर शवागाराच्या दाराशी उभी राहिलेली आहे. एकामागून एक चादर उचलून बघायला लागणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण तो आकडा त्या खोलीत होता तोवर ओळख पटवण्याचं साधन होता. कॅमेऱ्याने तो बाहेर आणला, पडद्यावर आणि मोबाइलवर फिरवला, आणि मग तो तमाशा झाला. ज्या घरी अजून बातमी पोचायची होती, त्या घरातही टीव्ही चालू असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्याच दिवसाची एक चित्रफीत तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिली असेल. पुलावर अडकलेली एक बाई आणि तिच्याजवळ एक माणूस. ‘मरणाऱ्या बाईचा विनयभंग’ म्हणून ती देशभर फिरली. नंतर लोहमार्ग पोलिसांनी सांगितलं, की तो माणूस मदत करायला धडपडत होता असं दिसतं. आता मला विचाराल तर मुद्दा तो माणूस दोषी की निर्दोष, एवढाच नाही. त्या बाईचे शेवटचे क्षण कुणी कुणाच्या परवानगीने देशाला दाखवले, हा आहे. आणि हे मी कुणाला विचारते आहे? आमच्याच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती चित्रफीत तीनदा आली. चौथ्यांदा मी पुढे पाठवली. वर संतापाने चार ओळी लिहिल्या, ‘बाई मरतानाही सुरक्षित नाही’ वगैरे. म्हणजे तिच्या बाजूने लढायचं म्हणून मी तिलाच पुन्हा चव्हाट्यावर आणलं. आपला संताप खरा असतो, म्हणून आपल्या हातून चूक होत नाही असं नाही.

तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिलमध्ये आग लागली. १४ जण गेले, त्यात ११ बायका. वाढदिवसाचे, सहलीचे, फेसबुकवरून उचललेले फोटो दिवसभर दाखवत होते. दुसऱ्या दिवशी लेडीज डब्यात मी कानांनी ऐकलं, ‘एवढ्या रात्री कशाला जायचं पण?’ हॉटेलच्या गच्चीवर कसलं छप्पर टाकलं होतं, परवाने कुणी दिले, हे प्रश्नही वर्तमानपत्रांनी विचारले, नाही असं नाही. पण डब्यात चर्चा चालली होती ती मेलेल्या बायांच्या कपड्यांची.

आता कायद्याचं बघा. बलात्कारित स्त्रीचं नाव छापायला बंदी आहे. ती आभाळातून पडली नाही. मथुरा प्रकरणानंतर १९८० च्या आसपास बायका रस्त्यावर उतरल्या, त्या रेट्यातून १९८३ ला कायदा बदलला आणि दंड संहितेत २२८-अ हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत तेच ७२ वं कलम आहे. २०१३ मध्ये इथे जवळच, महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये तरुण पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा तिचं नाव तिच्याच व्यवसायातल्या लोकांनी जपलं. म्हणजे ठरवलं तर जमतं. मग पुरात घर गेलेल्या, दरडीखाली पोर गेलेल्या बाईचं काय? प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत आहे, की खाजगी दुःखाच्या क्षणी कॅमेरा घुसवू नये. पण लगेच पुढे असंही आहे, की अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीतल्या माणसांचे फोटो व्यापक जनहिताचे असू शकतात. या ‘असू शकतात’मधून सगळी फौज आत शिरते. शिवाय कौन्सिलचा अधिकार वर्तमानपत्रांपुरता. टीव्हीवर तो चालत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदीचा नियम आला. चांगलं झालं. जवानांचे जीव वाचायलाच हवेत. पण नियम व्हायला धोका कुणाला असावा लागतो, तेही यातून कळतं.

एक ओळखीची वार्ताहर मुलगी आहे, नाव सांगत नाही. ती म्हणते, दरड कोसळलेल्या गावात पोचायच्या आधीच तिला ऑफिसातून फोन येतो, ‘रडणारी बाई मिळाली का?’ पुरुष रडत नाहीत असं नाही. पण रडणारा पुरुष ‘चालत’ नाही. पुरुषाला विचारतात, नुकसान किती, पंचनामा झाला का, सरकारकडून काय अपेक्षा. बाईला विचारतात, कसं वाटतंय. आकडे त्याच्याकडे, अश्रू तिच्याकडे. घरात धान्य किती होतं, विहिरीचं पाणी कधी गढूळ झालं, सासऱ्यांच्या गोळ्या कुठे गेल्या, हे तिला माहीत असतं. ते विचारत कुणी नाही.

इथवर तुम्ही माना डोलावल्यात. आता माझी गोष्ट.

२०२० चा मे महिना. कस्तुरबा रुग्णालय इथे आपल्या हाकेच्या अंतरावर. मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्ण तिथेच आणले होते, त्यामुळे या भागात भीती अशी, की टॅक्सीवाला सात रस्ता म्हटल्यावर नको म्हणायचा. चाळींच्या तोंडाशी बांबू बांधलेले. घरकामाला जाणाऱ्या बायांना कामावरून बंदी. आम्ही शिधा वाटत होतो. तांदूळ, पीठ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ, साबण. पैसे एका देणगीदाराचे होते आणि त्यांची अट होती, की प्रत्येक पिशवीमागे एक फोटो हवा. चेहरा दिसला पाहिजे, पिशवी दिसली पाहिजे, मागे बॅनर दिसला पाहिजे.

एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती. बावीस गिरणी कामगार दोन वेळा त्यांच्या हातचं जेवायचे. गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या, तुम्हाला मी काय सांगायचं. गिरण्यांचा इतिहास सांगताना भोंगा, युनियन, संप सगळं येतं. त्या साऱ्यांच्या पोटात जे अन्न होतं ते कुणी शिजवलं, हे मागाहून येतं, आलं तर. १९८२ च्या संपात कितीजणांचे पैसे थकले, पण आजींनी कुणाचं ताट बंद केलं नाही, असं चाळीतली जुनी माणसं सांगतात. थकलेले पैसे शेवटपर्यंत आले नाहीत.

त्या आजी रांगेत आल्या. मी पिशवी दिली आणि म्हटलं, “आजी, मास्क जरा खाली घ्या, फोटो काढायचाय.” ऐकलंत ना? साथीच्या दिवसांत, पंचाहत्तरीच्या बाईला, मी मास्क खाली घ्यायला सांगत होते. आजींनी मास्क घेतला खाली, पण पदर तोंडावर ओढला. म्हणाल्या, “बाय, हा हात वाढायचा आहे. घेताना नको काढूस.”

मला रांग दिसत होती. अजून चाळीस पिशव्या होत्या. मी म्हटलं, “आजी, दोन मिनिटांचं काम आहे, नाहीतर पुढच्या महिन्याचं येणार नाही.” त्यांनी पदर सोडला. मी फोटो काढला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. आमच्या कामाची बातमी यावी म्हणून मी एका स्थानिक पानाला दोन फोटो आणि अर्धं पान मजकूर पाठवला. आजींचा फोटो आला. खाली ओळ होती, ‘निराधार वृद्धेला मदतीचा हात’. कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून कोकणात त्यांच्या गावी पोचलं. पुतण्याचा फोन आला, की तुम्हाला आम्ही नाही का, आमची मान खाली घालायला लावलीत. पुढच्या महिन्यात आजी रांगेत आल्या नाहीत. पिशवी वर पाठवली तर शेजारणीकडे देऊन टाकली. शेजारीण म्हणाली, चहा-पाव खाऊन राहतात.

पंधरा दिवसांनी मी वर गेले. आधी धीर होत नव्हता. आजींनी बसायला पाट दिला, चहा दिला, घोटभरच होता. मी माफी मागितली. म्हटलं, फोटो काढायला नको होता. त्या म्हणाल्या, “फोटो काढलास ते काढलास. पण मला निराधार कोणी लिहिलं?”

मी म्हणाले, पेपरवाल्यांनी. खोटं बोलले. पाठवलेल्या मजकुरात तो शब्द मीच लिहिला होता. आपल्या सगळ्या अर्जांवर असतो ना तो, संजय गांधी निराधार अनुदान योजनेपासून, हाताला सवय झालेली. आजींच्या घरातून उतरताना जिन्यात मला हे आठवलं, तरी मी परत वर गेले नाही. नंतर मोकळीक झाल्यावर त्या गावी गेल्या. मला कबूल करायची संधी मिळाली नाही. म्हणून आज तुमच्यापुढे करते आहे.

तेव्हापासून पेपरवाल्यांना नावं ठेवताना माझी जीभ अडखळते. रडणारी बाई शोधणारा वार्ताहर आणि पिशवी धरलेली बाई शोधणारी मी, यात फरक कितीसा? दोघांनाही तिच्या दुःखाचा पुरावा वर पाठवायचा असतो. त्याला संपादकाकडे, मला देणगीदाराकडे. मधली बाई बिचारी पुरावा होऊन उभी.

पुढाऱ्यांचं तर बोलायलाच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर होता. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली, आणि त्याच दिवसांत शिध्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि आमदारांच्या फोटोंचे स्टिकर चिकटवले जात होते. एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा व्हिडिओ फिरला. घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तरच फुकट धान्य, असा शासन निर्णयही त्याच आठवड्यातला. पाण्यात उभ्या बाईने दोन दिवस मोजायचे! लोकांनी तेव्हा चांगलीच खरडपट्टी काढली. तरी २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हा नेत्यांचे फोटो लावलेली किटं पुन्हा निघालीच.

पण सगळीकडे असंच होतं का? नाही. किल्लारीचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडा वेळ होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मी पाच वर्षांची होते. आई सांगते, गणपती विसर्जन करून माणसं पहाटे घरी येत होती आणि सकाळी बातमी आली. चाळीचा मांडव अजून उतरवलेला नव्हता, त्याच मांडवात कपडे आणि भांडी गोळा झाली. आईने तिची लग्नातली एक साडी दिली. तिकडे लातूर-उस्मानाबादेत पोचलेल्या मदतीत अशा साड्यांबरोबर फाटक्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते, ते रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्याला द्यायचं होतं, पण घेणाऱ्याला काय हवं ते विचारायला वेळ नव्हता. हे पहिल्या आठवड्यांतलं.

त्यानंतर जे झालं त्याची छायाचित्रं फारशी कुणी काढली नाहीत. सरकारच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावं नव्या जागी वसवायची होती आणि बाकी शेकडो गावांतली घरं जागच्या जागी दुरुस्त, मजबूत करायची होती. त्या दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घर मजबूत कसं करायचं, पैशांचा हप्ता कधी सुटतो, अभियंत्याला काय विचारायचं, हे त्या बाया शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. ज्यांच्याकडे कालपर्यंत ‘आपद्ग्रस्त’ म्हणून बघत होते, त्याच सिमेंटचं प्रमाण तपासायला लागल्या. पुढे गुजरातचा भूकंप झाला तेव्हा किल्लारी भागातल्या बाया तिथल्या बायांशी बोलायला गेल्या. गवंड्याशी हुज्जत घालणारी बाई पहिल्या पानावर येत नाही, हा तिचा दोष नाही.

तुम्ही म्हणाल, फोटोच नकोत का मग? फोटो नसते तर किल्लारीला ट्रक गेले असते का? २०२० मध्ये हायवेवरून चालत निघालेले मजूर दिसलेच नसते तर सरकार हललं असतं का? बरोबर आहे. बघणं बंद करून कुणाचं भलं होत नाही. मी एका फोटोची आठवण करून देते. ८ मे २०२०, करमाड, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ. मध्य प्रदेशातले मजूर रुळांवरून चालत घरी निघाले होते, थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. त्या दिवशीचा जो फोटो आपल्या डोळ्यांत राहिला त्यात चेहरा नाही. रुळांच्या मधे विखुरलेल्या चपात्या आहेत. कुणाच्या तरी आईने, बायकोने नाहीतर त्यांनी स्वतःच भाजलेल्या. त्या बघून कुणी ‘पुरावा कुठे आहे’ असं विचारलं नाही. कॅमेऱ्याने बघायचं ठरवलं तर माणसाला उघडं न करताही सगळं सांगता येतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते, फार मोठं काही नाही. मदत देताना फोटो काढत नाही. मालाचा काढतो, पोत्यांचा, गाडीचा, बिलाचा. बाईला पावती देतो, दुसरी प्रत आमच्याकडे राहते, तिच्यावर सही. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदार बाईचंच नाव. पिशवीत काय हवं ते आधी विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा यादीत सॅनिटरी पॅड, आयोडेक्स आणि कुलूप आलं. कुलूप आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. स्थलांतराच्या शाळेत बायांना संडासाच्या दाराला लावायला हवं होतं.

वार्ताहर आले, तर आधी आमच्यातली एकजण घरात जाऊन सांगते, की नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. नाही म्हटल्याने भरपाई अडत नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. कारण बायांना खरोखर वाटतं, की कॅमेरावाला सरकारकडूनच आला आहे. एल्फिन्स्टनच्या वेळी राज्य सरकार आणि रेल्वे यांनी प्रत्येकी पाच लाख जाहीर केले, ते टीव्हीनेच सांगितलं, मग बाईला टीव्ही आणि भरपाई एकच वाटली तर तिचं काय चुकलं? आणि जो वार्ताहर सहा महिन्यांनी परत येतो, चेक कुणाच्या खात्यात गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं का, हे विचारतो, त्याला आम्ही मुद्दाम बोलावून चहा पाजतो. असे दोघे-तिघे आहेत.

या सगळ्याची किंमत पडली. तो देणगीदार गेला. पुढच्या वर्षी आमच्या पिशव्या निम्म्यावर आल्या. म्हणजे वीस घरांना शिधा मिळाला नाही, त्यांची अब्रू मात्र राहिली. हे बोलायला सोपं नाही, कारण त्या वीस घरांना आम्ही विचारलं नव्हतं. एक बाई मला तोंडावर म्हणाली, “ताई, माझा फोटो काढा, दोन काढा, पण तेल आणा.” तिला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तिने स्वतःहून हो म्हटलं, तर मी नाही म्हणणारी कोण? पण पिशवी समोर धरून घेतलेलं हो हे हो असतं का? आमच्या गटात यावर दोन तट आहेत, आणि मला तुमचं मत हवं आहे. चहानंतर यावरच बोलू.

पावतीचा नमुना मागच्या बाकावर ठेवला आहे, पंचवीस प्रती आहेत. ‘लाभार्थी’ हा शब्द आम्ही खोडला आहे, पण त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, रकाना मोकळा आहे. सुचेल ते पेन्सिलने लिहा. शनिवारी मी झेरॉक्सला टाकणार आहे.